शिंपल्याच्या खिडक्या पुसताना

फाल्गुन लागला की मावशीचा फोन ठरलेला असतो. "शिगमो जवळ आला, बाय. खिडक्या पुसायला कधी येतेस?"

मावशीचं माहेर कोल्हापूरचं, पण गेली पन्नास वर्षं ती गोव्यात आहे. बोलण्यात तिकडचा हेल आलाय आणि 'बाय' हा शब्द तर तोंडातच बसलाय. शिगमोत्सवाच्या आधी घरातल्या खिडक्या पुसून घ्यायच्या, हा तिच्या सासूबाईंचा नेम तिनं आजवर पाळला. थंडीत साचलेली धूळ, पावसाळ्यापासून कोपऱ्यात राहिलेली बुरशी, कोळ्यांची जाळी सगळं निघतं आणि पाडव्याला घर लखलखीत असतं. दरवर्षी मी "बघते गं" म्हणते आणि राहून जातं.

यंदा मात्र तिनं पुढे एक वाक्य जोडलं. "या वर्षी येऊन जा. पुढच्या फाल्गुनात या खिडक्या असतील की नाही, सांगता येत नाही."

तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, जुन्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचं ठरवलं होतं. कोटेशनही आलं होतं. सोमवारी मेस्त, म्हणजे सुतार, मापं घ्यायला येणार होता. मी हैदराबादहून वास्कोच्या गाडीत बसले. सोबत दहा वर्षांची लेक, चार दिवसांचे कपडे आणि पिशवीत व्हिनेगरची एक बाटली. दूधसागर अंधारात कधी निघून गेला ते कळलंही नाही. पहाटे आम्ही मडगावला उतरलो.

काच नव्हे, शिंपला

मावशीचं घर मडगावपासून थोडं आत आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि समोर बसायला दगडी बाकं असलेला बाल्कांव. काकांच्या आजोबांनी ते एका कॅथलिक शेजाऱ्याकडून विकत घेतलं. अंगणात तुळशीवृंदावन नंतर आलं. दर्शनी भागातल्या चार उंच खिडक्या मात्र आधीपासूनच्या.

गोव्यात फिरताना अशा खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील, पण कदाचित त्यांच्याकडे लक्ष गेलं नसेल. लांबून वाटतं, काचेला कुणीतरी दुधाळ रंग दिलाय. जवळ गेलं की कळतं, ही काच नाहीच. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत हाताच्या पंजापेक्षाही लहान असे पातळ तुकडे ओळीनं बसवलेले आहेत. प्रत्येक तुकड्याची छटा वेगळी. कुठे मोतिया, कुठे पिवळसर, कुठे किंचित गुलाबी. हे शिंपले आहेत.

या शिंपल्याचं शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. तो जवळजवळ गोल आणि इतका चपटा असतो की आत प्राणी राहतो यावर विश्वास बसत नाही. त्याच्या कडा कापून चौकोनी तुकडा करायचा आणि लाकडी पट्टीच्या खाचेत सरकवायचा, अशी ही तावदानं तयार होतात. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. त्यातली बरीच वर्षं काच ही लांबून आणायची, महागाची वस्तू होती. शिंपला मात्र इथल्याच खाडीत मिळत होता. शिवाय तो गोव्याच्या हवेला मानवणारा. पावसाळ्यात खिडकी मिटून घेतली तरी खोलीत अंधार होत नाही आणि उन्हाळ्यात प्रखर ऊन गाळून मऊ होऊन आत येतं.

गोव्याइतकीच ही कला फिलिपिन्समध्येही रुजली. तिथल्या स्पॅनिश काळातल्या घरांना याच शिंपल्याच्या सरकत्या खिडक्या असतात. विगन नावाचं त्यांचं जुनं शहर १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत मी यातल्याच एका खिडकीखाली झोपायचे. सकाळी डोळे उघडले की भिंतीवर उजेडाचे चौकोन असायचे. बाहेर ऊन आहे की ढग, तेवढं त्या चौकोनांवरून कळायचं. बाकी काही दिसायचं नाही.

व्हिनेगरची बाटली

शनिवारी सकाळी चहा झाल्याबरोबर मी कंबर कसली. आमच्या हैदराबादच्या फ्लॅटमध्ये बाराव्या मजल्यावर भल्यामोठ्या काचा आहेत. पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, फवारायचं आणि जुन्या वर्तमानपत्रानं पुसायचं. काच आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी ती स्वच्छ होते. माझा या उपायावर फार विश्वास. म्हणूनच तर बाटली बरोबर आणली होती.

मावशीनं वास घेतला आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"हे आंबट आहे ना गं?"

"हो, पण काचेला..."

"काच कुठे आहे इथे?" ती आत गेली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात फुटलेल्या तावदानांचे तुकडे ठेवलेले होते. एक तुकडा तिनं बशीत ठेवला आणि लेकीला म्हणाली, "घाल बघू यावर दोन थेंब."

लेकीनं थेंब टाकले. तुकड्यावर बारीक बारीक बुडबुडे उठले, सोड्याच्या बाटलीतल्यासारखे.

"शिंपला म्हणजे चुनाच," मावशी म्हणाली. "पूर्वी शिंपले भाजून घराला लावायचा चुना करायचे. आंबट लागलं की तो विरघळतो. लिंबू नको, चिंच नको, तुमचं ते बाथरूम घासायचं औषध तर मुळीच नको."

शाळेत शिकलेलं मला तेव्हा आठवलं. शिंपल्यात असतं कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तेच ते बुडबुडे. एकदा व्हिनेगरनं पुसलं असतं तर कदाचित काही दिसलं नसतं. पण दोन-तीन वर्षं तसंच पुसत राहिले असते, तर वरची चमक जाऊन तावदानं खडूसारखी पांढरी आणि ठिसूळ झाली असती. तेही अगदी प्रेमानं, स्वच्छतेच्या नावाखाली.

बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर गेली.

पुसायची रीत

मावशीची रीत सोपी आहे, पण घाईची नाही. तुमच्या घरी शिंपल्याची खिडकी नसली तरी जुन्या लाकडी खिडक्या असतील, तर यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी सगळं कोरडं काम. रंगकामाचा रुंद, मऊ ब्रश घ्यायचा आणि वरून खाली धूळ झाडत यायचं. पाणी आधी लावलं तर धुळीचा चिखल होतो आणि तो खाचांत जाऊन बसतो. गोव्याची लाल माती तर असा डाग धरते की विचारू नका. खाचांतली घाण काढायला मावशीकडे माडाच्या झावळीचे हीर होते, केरसुणीतून उपसलेले. हीर लवचीक असतो, पट्टीला ओरखडा येत नाही.

मग ओलं काम. कोमट पाण्यात रिठ्याचा थोडासा फेस, त्यात सुती फडकं बुडवून घट्ट पिळायचं. पाणी टपकता कामा नये. एका हातानं पुसताना दुसरा हात तावदानाच्या मागे आधाराला धरायचा. शिंपला एकावर एक पातळ थरांचा बनलेला असतो. जुना झाला की थर सुटू लागतात. जोर लावला तर पापुद्रा निघून येतो. एक तावदान पुसलं की लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा.

शेवटी लाकूड. ते पूर्ण वाळल्यावर अळशीच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा. इथे मावशीची एक सक्त ताकीद: तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर मोकळं पसरून वाळू द्यायचं.

स्टुलावर मी, खाली बादलीजवळ मावशी. तिचं वय शहात्तर, गुडघे कुरकुर करतात, पण डोळे तीक्ष्ण. "तिसऱ्या ओळीतलं राहिलं," हे तिला बसल्या जागेवरून दिसायचं. लेकीकडे वहीचं काम होतं. प्रत्येक खिडकीचं चित्र काढून फुटलेल्या तावदानावर फुली मारायची.

दुपारपर्यंत दोन खिडक्या झाल्या. मी मागे सरून पाहिलं आणि थोडी खट्टू झाले. एवढी मेहनत करूनही बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. माझा हात काचेला सरावलेला. काच पुसली की समोरचं दिसायला लागतं आणि ते दिसणं म्हणजेच काम झाल्याची खूण.

"मागे नको बघू," मावशी म्हणाली. "जमिनीवर बघ."

जमिनीवर पुसलेल्या खिडकीचा उजेड पडला होता आणि शेजारी न पुसलेल्या खिडकीचा. पहिला ताकासारखा पांढरा, दुसरा जुन्या पिवळ्या कागदासारखा. दोन्हींमधली रेघ फरशीवर स्पष्ट दिसत होती.

चिखलीची खाडी

रात्री लेकीनं हिशेब मांडला. चार खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेत छत्तीस तावदानं. म्हणजे एकूण २८८. त्यातली फुटलेली ३१. त्यांच्या जागी कुठे पुठ्ठा, कुठे प्लॅस्टिक, तर कुठे नुसतीच भोकं.

"मग नवीन ३१ आणू या ना," ती म्हणाली.

मावशी हसली. "उद्या रविवार आहे. चला, कुठून आणायचे ते दाखवते."

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही वास्कोच्या बाजूला चिखलीला गेलो. जुवारी नदी समुद्राला मिळण्याआधी इथे एक शांत, उथळ खाडी तयार झाली आहे. गावाच्या नावाला शोभावा असा चिखल ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उघडा पडतो. हा शिंपला अशाच मऊ गाळावर आडवा पडून वाढतो. दोन-चार होड्या, बगळे, लांबवर जहाजं. बाकी पाहण्यासारखं काही नाही. लेक जरा निराश झाली. ज्यानं एवढी घरं उजळली, तो प्राणी या करड्या पाण्याखाली कुठेतरी मुकाट पडून होता.

पण तो आता काढता येत नाही. २००१ मध्ये या शिंपल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळालं. वाघ-बिबट्यांना ज्या कायद्यानं जपलं जातं, तोच १९७२ चा कायदा खिडकीच्या या शिंपल्यालाही जपतो. हे योग्यच झालं. पूर्वी आपल्या देशात चुन्यासाठी आणि त्यात सापडणाऱ्या बारीक मोत्यांसाठीही हे शिंपले काढले जात. एका जागी पडून राहणाऱ्या जिवाला उपसणं सोपं असतं. त्यात पाण्यातला गाळ आणि घाण वाढली की तो आणखी अडचणीत येतो.

किनाऱ्यावर लेकीला एक रिकामा, अर्धा तुटलेला शिंपला दिसला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे.

"राहू दे तिथेच," मावशी म्हणाली. "आपल्या घरात आहेत तेवढे आपले."

परतीच्या आधी जुवारी ओलांडून पणजीला गेलो. फोंताइन्हासच्या गल्ल्यांतून पिवळ्या, निळ्या, विटकरी घरांसमोरून चालताना लेक रंगांकडे बघतच नव्हती. ती खिडक्या मोजत होती. "ही शिंपल्याची. ही काचेची. ही अर्धी-अर्धी." ही गल्ली लोकांची राहती आहे, तेव्हा फोटो काढताना खिडकीत डोकावू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. अशी तावदानं निवांत पाहायची असतील तर चांदर गावातलं ब्रागांझा घराण्याचं जुनं घर आहे. पर्वरीजवळ तोर्डा इथे गोव्याच्या घरांवरचं एक संग्रहालयही आहे. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये गेलात तर सोनेरी वेदीवरून नजर काढून खिडक्यांकडेही एकदा बघा.

मेस्त आणि वही

सोमवारी सकाळी मेस्त टेप घेऊन आला. त्याच वेळी मावसभावाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल.

त्याची बाजू खोटी नव्हती. भोकांतून मच्छर येतात. पावसाळ्यात पुठ्ठा भिजून पाणी आत येतं. आई एकटी राहते, रात्री कुणी दार वाजवलं तर तिला कोण आलंय ते दिसत नाही. "मला जुन्या वस्तूंचा राग नाही गं," तो मला म्हणाला, "मला तिची काळजी आहे. तुम्ही चार दिवस येऊन पुसून जाल. पुढे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरोखरच चार दिवसांसाठी आले होते.

मेस्त मात्र मापं घ्यायचं सोडून लेकीची वही बघत उभा होता. वडिलांबरोबर लहानपणी त्यानं अशा खिडक्या दुरुस्त केल्या होत्या. वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवत तो म्हणाला, "सगळ्यात वाईट ही फाटकाकडची. हिच्यात चौदा फुटलेत. बाकी तिघींत मिळून सतरा."

मग त्यानं जे सुचवलं, ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फाटकाकडची खिडकी मोकळी करायची. तिच्यात ५८ शिंपले चांगले आहेत; त्यातले सतरा बाकी तीन खिडक्यांत बसवायचे. उरलेले कागदात गुंडाळून जपून ठेवायचे, पुढे कधी फुटले तर. आणि फाटकाकडच्या चौकटीत साधी काच घालायची. चौकट तीच, लाकूड तेच. चारही खिडक्यांना आतून मच्छरांची जाळी.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. "पाऊस?" भावानं विचारलं.

"भोकं बुजली की पाऊस कुठून येणार?" मेस्त म्हणाला. "इतकी वर्षं याच खिडक्यांनी पाऊस अडवला ना?"

"आणि खर्च?" मेस्तानं आकडा सांगितला. तो अॅल्युमिनियमपेक्षा कमी होता. भाऊ हसला. "मग माझं काही म्हणणं नाही. आईला विचारा."

मावशी बराच वेळ फाटकाकडच्या खिडकीकडे बघत होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा उभी राहिली ती याच खिडकीपाशी, हे तिनं नंतर सांगितलं. तेव्हा फक्त म्हणाली, "काढ. एकीनं तिघींना सांभाळलं तर वाईट काय?"

काम दोन दिवस चाललं. पट्टी सैल करून मेस्त एकेक शिंपला खाचेतून अलगद वर सरकवायचा आणि लेकीच्या हातावर ठेवायचा. ती तो पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायची. काढताना तीन फुटले. प्रत्येक वेळी "कट्" असा अगदी बारीक आवाज झाला आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे गप्प झालो. शेवटी बिस्किटांच्या डब्यात ३८ शिंपले राहिले. डब्यावर लेकीनं आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि मावशीच्या सांगण्यावरून एक सूचनाही लिहिली: "आंबट लावू नये."

मंगळवारी संध्याकाळी काच बसली. मावशीनं आपली वेताची खुर्ची ओढत त्या खिडकीपाशी आणली. फाटक दिसत होतं, रस्ता दिसत होता, समोरच्या काजूच्या झाडाखाली खेळणारी पोरं दिसत होती. बाकी तीन खिडक्यांतून नेहमीसारखा फक्त उजेड येत होता.

हैदराबादला परतल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. शिगमोत्सवाच्या ढोलांचा आवाज मागून येत होता. रोमटामेळ रस्त्यावरून जाताना तिनं खुर्चीत बसून पाहिला, हे सगळं रंगवून सांगून झालं. मग आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "बाय, फळीवर तुझी ती बाटली राहिलीय. त्या काचेला चालेल ना गं?"